म्हसावदच्या सभेत न वाचलेली ओळ

म्हसावद, ४ जानेवारी १९३४
सभा जिंकली! देवळाच्या मंडपात भिल्ल आणि महार मजुरांना अक्षरे शिकवण्याचा वर्ग परवापासून. आबा पाटलांची अट एकच होती, शास्त्रात आधार दाखवा, मंडप उघडतो. विरुद्ध बाजूने तापीकाठच्या प्रकाशा गावाहून गोपाळशास्त्री आले. माझे गुरू. तर्क आणि वेदान्त त्यांच्याच ओसरीवर शिकलो.
वेदान्तसूत्रांवरचे भाष्य हातात धरून वाचले: ज्याला विद्येची इच्छा आहे आणि शक्ती आहे, त्याचा अधिकार नाकारायला कारण उरत नाही. टाळ्या. गो.शा. एवढेच म्हणाले, "पुढे वाच."
मी म्हणालो, "शास्त्रीबुवा, दार उघडले. आता कडीचे वर्णन कशाला वाचायचे?"
हशा. म्हातारा खाली बसला.
घसा बसलाय. जेवण गेले नाही. दमलो असेन.

५ जाने.
काल एक लिहायचे टाळले.
ते 'पुढे वाच' म्हणाले तेव्हा माझी नजर खालच्या ओळीवर गेली होती. 'असे कोणी म्हणेल, तर ते बरोबर नाही.' त्यापुढे दोन पाने खंडन. म्हणजे मी वाचले ते भाष्यकाराचे मतच नव्हते. पूर्वपक्ष होता, खोडून काढण्यासाठी आधी मांडलेले समोरच्याचे म्हणणे. वाचायला लागलो तेव्हा हे ध्यानात नव्हते. पुस्तक मिटले तेव्हा होते.
पहिल्याच धड्याला गो.शां.नी सांगितले होते, पूर्वपक्ष असा मांडावा की विरोधकानेही मान डोलवावी. मी डोलवली. मग सगळ्या गावाला डोलवायला लावली.

६ जाने.
वर्ग सुरू. झेलाबाई नावाची भिल्ल बाई, पाटलांच्या शेतात कापूस वेचते, केस पिकलेले. पाटीवर तिचे नाव काढून दिले.
"मास्तर, हाई मन्हं नाव शे का?"
हो म्हणालो.
"इतलं ल्हानसं?" बाया हसल्या. मग पाटी उराशी धरून बसली, दुसऱ्या कोणाला देईना.
पाटील पायरीवर. भाऊबंद येऊन तणतणतात, त्यांना एकच उत्तर, "पोथीमाच लिखेल शे, मी काय करू?" ते माघारी जातात. सगळा वर्ग या एका वाक्यावर उभा आहे.
आज पाटलांच्या नजरेला नजर दिली नाही.

८ जाने.
ती दोन पाने पुन्हा वाचली. खंडन मला पटत नाही. आजही नाही. अधिकार जन्मावर का, तर परंपरा. परंपरा का, तर जन्म. हे चक्र आहे, आणि ते सभेत उघडे करायला मी समर्थ होतो. छाती झाली नाही. मोठ्या नावाच्या आड उभा राहिलो. निर्भीडपणावर गावोगाव व्याख्याने देणारा मी!
लाजेची आणखी एक गोष्ट. आमच्या बाजूचे इतके नेमके बोलणे मला आयुष्यात सुचले नाही. ते लिहून ठेवले खोडणाऱ्याने.

१० जाने.
प्रकाशाला गेलो. गो.शा. घाटावर धोतर पिळत होते. पाया पडलो. पाय मागे घेतले नाहीत, ते जास्त लागले.
"पुढे वाचलंस?"
"वाचले."
"मग सांग सभेत."
"सांगितले तर वर्ग बंद होईल. तुम्हाला तेच हवे आहे."
"मला हवं ते मी तोंडावर सांगितलं होतं. तूही म्हणायचंस, हा पूर्वपक्ष आहे आणि मी त्याच्यावरच उभा आहे. मग मला उत्तर द्यावं लागलं असतं. जमलं असतं की नाही, कोण जाणे."
"तुम्हीच का नाही सांगत?"
"हरलेला बोलला की लोकांना वाटतं रडतोय. आणि शिष्य माझा. काय सांगू, याला शिकवलं मी?"
जेवायला बसवले. वरण वाढत राहिले. नको म्हणता येईना.

१३ जाने.
पाटील सकाळीच आले. मंडपाच्या भिंतीवर ते वाक्य रंगवायचे ठरवले आहे, खाली भाष्यकाराचे नाव. शहाद्याचा रंगारी सांगून झाला. "अण्णा, तुम्ही लिखी द्या. मंग कोनी तोंड उघाडाव नही."
लेखणी घेतली. पहिला शब्द लिहिला आणि हात थांबला.
म्हणालो, रंगारी थांबवा. आधी गाव जमवा. शास्त्रीबुवांनाही बोलावणे धाडा.
"कशाले?"
"मला पुढचे वाचायचे आहे."
पाटील खूश. "वाचा ना! मांगली येळले भलती मज्या उनी. त्या म्हातारानं तोंड कसं व्हई गयं व्हतं!" डफवाल्यालाही सांगतो म्हणाले. मी नको म्हणालो, तर हसले. त्यांना तो विनय वाटला.
झेलाबाई ऐकत होती. "त्या दिन आम्ही मंडपमा बसूत का बाहेर?"
"मंडपात. अगदी पुढे बसा," म्हणालो. नेमका तोच सभेतला आवाज लागला.
भाषणाचे पहिले वाक्य अजून नाही.