बर्फाच्या किल्ल्याचा शेवट

५ जानेवारी, सोमवार. लातूर.
पेटीला नवं कुलूप आणलं. वैशीचा मोबाईल आत, अन् तिच्या गादीखाली सापडलेली गोष्टीची तीन पुस्तकं बी आत. दत्तानं लोह्याहून फोनवर बजावलं, "माय, परीक्षा होईपर्यंत तिला गोष्टीचं एक पान दिसलं न्हाई पाहिजे. तुला तिथं भाकरी थापायला न्हाई, पोरीवर नजर ठेवायला ठेवलंय." म्हणलं मग भाकरी कोण थापणार, तू येतो का.
वैशी रडली न्हाई. एवढंच म्हणली की जाड पुस्तक श्रुतीचं आहे, खराब करू नको. श्रुती शेजारच्या खोलीतली, देगलूरची. मला अव्वा म्हणती, आजीला त्यांच्याकडं तसंच म्हणतात.
या गल्लीत प्रत्येक खोलीत हेच. एक लेकरू पुस्तकात मुंडकं घालून, अन् एक आजी न्हाईतर आई गॅसपुढं. गेल्या साली नातीची डाक्टरकी हुकली. हे दुसरं साल.

८ जानेवारी, गुरुवार
नळ आला. सगळं भरून ठेवलं. नंतर दिवसभर करायचं काय. वैशी सकाळी क्लासला जाती, दुपारी जेवायला येती, परत अभ्यासिकेत. भिंतीकडं तरी किती बघावं. पेटी उघडली.
मी चौथी शिकलेली. वेळ लागतो पण अडत न्हाई. मोतीबिंदू काढल्यापासून अक्षर लख्ख.
पहिलं पुस्तक. वर कॉफीचा कप अन् पाठमोरा पोरगा. पोरगा मोठ्या कंपनीचा मालक. कामावरच्या पोरीला चारचौघांत टाकून बोलतो. लिहिणारी म्हणती आतून त्याचं लई प्रेम हाय. आत बघायला कोण गेलंय. असा एक आमच्या भावकीत होता, त्याच्या बायकोला विचारा. पोरगी दोनशे पानांत एकदा बी धड जेवली न्हाई, नुसती कॉफी. पित्त होणार न्हाईतर काय.
आणेवारी सोळात चार. दुष्काळ जाहीर करावा असं पीक.

१२ जानेवारी, सोमवार
कॉफीवालं संपलं. शिव्या देत देत संपवलं, पण संपवलं. खोटं कशाला लिहू.
दुसरं घेतलं. शहरातली पोरगी खेड्यात येती अन् शेतकऱ्याच्या प्रेमात पडती. एकाच आठवड्यात हुरडा खातात, कापूस वेचतात अन् झाडाला पिकलेले आंबे. लिहिणारानं शेत एसटीच्या खिडकीतून पाहिलं असंल. शेतकरी दिवसभर मोकळा. बैल कोण सोडून राहिलं, धारा कोण काढून राहिलं, पत्ता न्हाई. पण एका जागी पोरगी सासूला म्हणती, मला चुलीवर जमत न्हाई, शिकवा. तेवढं बेस. आणेवारी सात.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. वैशी तासभर आधीच आली अन् मी सापडले. चष्मा नाकावर, पुस्तक मांडीवर, बाजरीची भाकर तव्यावर काळी.
"आज्जी, तू वाचतीयेस?"
म्हणलं, तपासून राहिले. काय घाण आहे ते बघायला नको?
"मग काय झालं पुढं? मी सासूपर्यंतच आले होते."
सांगू का नको, सांगू का नको. अर्धी भाकर खाऊन उठायची तिची सवय. दोन महिन्यांत गळ्याची हाडं वर आलीत. सांगत बसले तर पोरीनं दोन भाकऱ्या अन् वाटीभर येसर आमटी संपवली. तिचं तिला बी कळलं न्हाई.
दत्ता म्हणला होता पान दाखवू नको. ऐकवू नको असं न्हाई म्हणला.

१७ जानेवारी, शनिवार
आता रोजचंच झालं. सकाळी मी वाचते, दुपारी जेवताना तिला सांगते. एका जेवणाला एक प्रकरण. ताटात शिल्लक ठेवलं तर गोष्ट बी शिल्लक.
श्रुतीचं जाड पुस्तक काढलं. चारशे बारा पानं. वर बर्फाचा किल्ला अन् त्याच्यापुढं पोरगी केस सोडून उभी. एवढ्या गारठ्यात डोक्याला फडकं न्हाई. मी नाव ठेवलं ब. कि.
इंग्रजीवरून केलेलं दिसतंय, माणसं एकमेकांना सारखी नावानं हाका मारतात. एक राजा लढाई हरताना वचन देतो, मला सोड, माझी लेक तुला देतो. लेक अठराची. बर्फाच्या किल्ल्यातला तो तीनशे वर्षांचा. दिसतो पंचविशीचा म्हणे, जादूनं. आमच्यात बिजवर म्हणलं तरी नाकं मुरडायचे, अन् हे आज्याच्या पणज्याचं वय. तीनशे वर्षं जगून त्याला राग आवरायचं जमलं न्हाई, म्हणजे अक्कल जादूनं येत न्हाई.

२१ जानेवारी, बुधवार
ब. कि. मधी उडता अजगर आलाय. डोंगराखालची तीन गावं उभ्या पिकासकट जाळली. पुढच्या पानावर सगळे नाचायला. पंचनामा न्हाई, कोणाचं काय गेलं कोणी विचारत न्हाई. घोडी चार दिवस पळतात, दाणा न्हाई पाणी न्हाई.
पण सोडवत न्हाई हे खरं. वाचता वाचता दूध उतू गेलं.
वैशीच्या क्लासच्या पेपरात मार्क परत कमी. दत्ताला म्हणलं ठीक हाय. ती पुस्तक उघडून बसती अन् तासभर पान उलटत न्हाई. मला कळतं. मी पान उलटायचा आवाज ऐकून राहते ना.

२७ जानेवारी, मंगळवार
ब. कि. संपलं. डोकं उठलं.
पोरगी किल्ल्यातून पळून माहेरी येती. बाप दरबार भरवतो अन् सगळ्यांदेखत विचारतो, परत जाशील ना. ती मान खाली घालती अन् जाती. मग बापाच्या स्वप्नात तिची मेलेली आई येती, बाप रडतो, किल्लेवाला सुधरतो, सगळं गोड. पोरगी काय बोलली ते हुडकायला मी मागं जाऊन आले. बापापुढं चारशे बारा पानांत एक शब्द न्हाई. बापाला कळावं म्हणून बाई आधी मरून ठेवायला पाहिजे.
माझ्या लग्नात मला कोणी विचारलं न्हाई. त्याचं रडगाणं न्हाई, निभलं. पण जादूच्या राज्यात तरी पोरीनं तोंड उघडावं का न्हाई?
आणेवारी काढली न्हाई. रागात काढू नये.

२८ जानेवारी, बुधवार
आज वैशीला शेवट सांगायचा होता. भाकरी थापता थापता जीभ दुसरीकडंच वळली. सांगितलं, दरबार भरला, बापानं विचारलं परत जाशील ना, तर पोरगी उभी राहिली अन् म्हणली, "वचन तुम्ही दिलं. तुम्ही जा." राजा सिंहासनावरून खाली उतरला अन् म्हणला, खरं हाय.
वैशीचा घास हातातच.
"असं म्हणाली ती?"
म्हणली.
"आणि राजानं ऐकलं?"
ऐकलं.
"आणि किल्लेवाला?"
त्याचं मी काही ठरवलं नव्हतं. म्हणलं, त्यानं आपल्या वयाची बघितली.
हसली न्हाई. परत एकदा सांग म्हणली, दरबाराचं. सांगितलं. ताट धुवून ठेवलं अन् गेली.

१ फेब्रुवारी, रविवार
दत्ताचं लोह्यात मेडिकल हाय. रविवारी दुपारी शटर पाडून माझ्या फोनवर फोन करतो. आज म्हणला, परीक्षेचे फॉर्म निघालेत, सोळा तारीख शेवटची, मी इथूनच भरतो, तिला फोटो काढून ठेवायला सांग. वैशीनं माझ्या हातातून फोन घेतला.
"पप्पा, फॉर्म भरू नका. डॉक्टर तुम्हाला व्हायचं होतं. तुम्ही व्हा."
माझ्या हातातलं पीठ हातातच वाळलं. वाक्य माझं होतं. नुसता राजा बदलला.
दत्तानं फोन कट केला. पोरगी फोन मांडीवर घेऊन बसली. तिला वाटलं तो आता परत लावंल अन् म्हणंल, खरं हाय. चार वाजेपर्यंत बसली. मग अभ्यासिकेत गेली.

३ फेब्रुवारी, मंगळवार
सुनबाईचा फोन. दत्ता दोन दिवस कोणाशी बोलून न्हाई राहिला. दुकानात गिऱ्हाइकाला दुसरंच औषध काढून दिलं, ते बी पुढ्यात वाचून परत घेतलं म्हणून बरं. रडत म्हणली, "आत्याबाई, पोरीला हे कोणी भरवलं? तुम्ही तिथं असून?"
बघते म्हणलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार
वैशीनं दरबाराचं श्रुतीला सांगितलं. श्रुती म्हणली असं त्यात काहीच न्हाई, ती तर मान खाली घालून जाती. दोघी जेवायच्या वक्ताला दारात उभ्या. श्रुती बिचारी म्हणून राहिली, अव्वा, तुम्ही वेगळी आवृत्ती वाचली का.
"आज्जी, ते वाक्य कुठल्या पानावर आहे?"
म्हणलं कुठंच न्हाई. माझं हाय.
श्रुती हळूच सटकली.
"मी त्या वाक्यावर पप्पांना बोलले. मला वाटलं कोणीतरी बोललंय, आणि जमलंय."
म्हणलं, जमायचं काय ते मी कसं सांगू, मी दरबारात नव्हते.
ती जेवली न्हाई. मी पण न्हाई. भाकरी झाकून ठेवल्या. चुकलं का म्हणून मला विचारलं तर सांगण्यात चुकलं. खोटं हाय म्हणून सांगून सांगायला पाहिजे होतं. वाक्यात काही चूक दिसून न्हाई राहिली.

८ फेब्रुवारी, रविवार
दत्ता आला. पहिल्या गाडीनं. पाणी पिला, खुर्चीवर बसला, वैशी कॉटवर, मी खाली.
मीच आधी सांगून टाकलं. पुस्तकं मी वाचली, गोष्ट मी सांगितली, ते वाक्य माझ्या पदरचं.
"माय, तुला नजर ठेवायला ठेवलं होतं."
ठेवली ना. पोरगी जेवत न्हाई ते दिसलं.
त्यानं वैशीकडं बघितलं. आवाज एकदम मऊ केला, असा मऊ तो लहानपणी वासराशी बोलायचा. "म्हणजे आज्जीचं होतं ते. तुझं न्हाई. बरं झालं. भरू मग फॉर्म?"
पोरीला परत यायला वाट करून दिली त्यानं. तिनं मान खाली घातली. मला पुस्तकातलं ते पान दिसलं. बोलायला लई आलं तोंडापर्यंत, जीभ दाताखाली धरली. बाहेर टँकर आला अन् गेला.
"तुम्ही व्हा, हे आज्जीचं होतं. ते मी बोलायला नको होतं." मग मान वर करून म्हणली, "फॉर्म भरू नका, हे माझं आहे."
"मग करणार काय?"
"माहीत नाही पप्पा."
"माहीत न्हाई म्हणून चालतंय का कुठं?"
"हे नाही, एवढंच माहीत आहे."
मला वाटलं भांडण होईल. झालं न्हाई. त्यानं वाढ म्हणलं. तिघं जेवलो. दत्तानं तिच्या ताटात आपली अर्धी भाकर टाकली, तिनं खाल्ली.
रिक्षापर्यंत मी सोडायला गेले. म्हणला, "माय, मला कोणी विचारलं होतं का? तात्यानं बारावी झाली की सरळ फार्मसीला नेऊन घातलं."
म्हणलं, तुझ्या बापानं न्हाई विचारलं. मी बी न्हाई विचारलं.
त्यानं मान हलवली. रिक्षात बसला. गेल्या सालच्या फॉर्मसाठी काढलेल्या वैशीच्या फोटोचं पाकीट त्यानं टेबलावरून उचललेलं मी बघितलं होतं. ते त्याच्या खिशात होतं. मागितलं न्हाई.

११ फेब्रुवारी, बुधवार
पोरगी क्लासला जाती. कामून जाती विचारलं तर म्हणली, घरी बसून काय करू. खरं हाय. श्रुतीनं ब. कि. चा दुसरा भाग आणून दिला, मला, वैशीला न्हाई. भिऊन राहिली ती. सुरू केलं. किल्लेवाला अजून तीनशेचाच. वर्ष उलटलं तरी वय वाढलं न्हाई. अजगर आता पाळीव झालाय, लेकरांना पाठीवर बसवतो. जळलेल्या गावांचं नाव न्हाई.
पहिल्या भागाची आणेवारी आज काढली. नऊ. पोरगी बोलली असती तर बारा दिले असते.

१५ फेब्रुवारी, रविवार
महाशिवरात्र. भगर अन् शेंगदाण्याची आमटी. दुपारी दत्ताचा फोन. जेवली का विचारलं. म्हणलं दोनदा घेतली. बरं म्हणला. दुकानात गर्दी हाय म्हणला. महाशिवरात्रीला मेडिकलमधी कसली आली गर्दी. फॉर्मचं त्यानं काढलं न्हाई, मी काढलं न्हाई. वैशी समोर बसून ऐकून राहिली होती, तिनं बी फोन मागितला न्हाई.
नंतर म्हणली, दुसरा भाग सांग.
म्हणलं, लिहिलंय तसंच सांगणार, मग तोंड वाकडं करायचं न्हाई. पोरगी आता किल्ल्याची राणी झाली. कामाला माणसं, अंगावर लोकर, सगळं हाय. एक दिवस दारावर घोडेस्वार येतो. बापाचं पत्र घेऊन.
"काय लिहिलंय त्यात?"
तिथंच प्रकरण संपतं, म्हणलं. पुढचं मी अजून वाचलं न्हाई. वाचू का आता?
तिनं वाटी चाटून पुसून खाली ठेवली.
"उद्या," म्हणली.
उद्या फॉर्मचा शेवटचा दिवस.