बोरटेकडीचे आयरिश

५ जाने., सोमवार
कालच्या सदरावर दिवसभर फोन. हसले दोघं. बाकीच्यांनी अभिनंदन केलं.

लिहिलं काय होतं मी? आयरिश लोक मूळचे नागपूरचे. पुरावे: त्यांच्याकडे दगडांची वर्तुळं, आपल्याकडेही. त्यांच्या झेंड्यात संत्र्याचा रंग. ते बटाट्यावर जगले, आपण आलूबोंड्यावर जगतो. ज्यांना इथला मे महिना सोसला नाही ते निघाले, आणि बारमाही पाऊस लागेपर्यंत चालत राहिले. शेंबड्या पोरालाही कळावं की बाई थट्टा करते आहे. एका निवृत्त प्राचार्यांनी मात्र गंभीरपणे विचारलं, "संदर्भ काय?"
"तर्री पोहे."
"हं. लेखक?"

वीस वर्षं इतिहास शिकवते या शहरात. तिकडची मोठी दगडी थडगी आपल्या वर्तुळांपेक्षा दोनेक हजार वर्षांनी जुनी. म्हणजे नातवाच्या पोटी आजोबा. हे कुणालाच खटकलं नाही. शिसारी आली. थोडी गंमतही वाटली, खोटं का बोला.

८ जाने., गुरुवार
बोरटेकडीचे सरपंच पंजाबराव यांचा फोन. काटोल रोडवरून आत हे गाव. दरवर्षी तिथली सात वर्तुळं दाखवायला वर्ग नेते, म्हणून ओळख. सदरात गावाचं नाव घातलं होतं. ती चूक.

"मॅडम, तुमी तं आमाले इंग्रजायचे बाप करून टाकलं!"
"आयरिश, पंजाबराव. इंग्रज वेगळे. त्यांचं आपसात पटत नाही."
"मंग तं लयच आपले."

समिती स्थापन झाली आहे. 'आयरिश मूळस्थान समिती, बोरटेकडी'. मी मार्गदर्शक. विचारलं कुणी नाही. आपल्याकडे समिती उन्हाळी लागल्यासारखी होते, अचानक आणि जळजळीत.

वर्तुळांचं संरक्षण करा म्हणून पुरातत्त्व खात्याला तीनदा पत्रं लिहिली, आजवर उत्तर नाही. थट्टा एकदा केली तर समिती.

११ जाने., रविवार
थट्टा होती हे तोंडावर सांगायला बोरटेकडीला गेले. सांगितलं नाही. का, ते लिहून ठेवते.

सातांपैकी तीन वर्तुळं वच्छलाबाईंच्या तुरीत आहेत. पन्नाशीच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. दिरानं त्याचा हिस्सा लेआउटवाल्याला दिला. तो माणूस धुरळ्यातही पांढरे बूट घालून येतो, गावात त्याचं नावच पांढरे बूट. प्लॉट पाडायला त्याला रस्ता हवा, आणि रस्ता वच्छलाबाईंच्या वावरातून, वर्तुळांवरूनच जातो. ना-हरकतीचा ठराव २६ तारखेच्या ग्रामसभेत.

"मांगच्या हप्त्यापर्यंत सारं गाव त्याच्याच बाजूनं होतं," त्या चहा गाळत म्हणाल्या. "मले म्हनत, विकून टाक वं, एकटी बाई काय करशीन? आता म्हनून राहिले, आयरिश लोकायचं मूळ हाय, एक गोटा हालू देनार नाई. बाई, तुमच्या लिहिन्यानं माह्यं वावर वाचलं."

वावर वाचवणारी ती 'बाई' मीच, आणि थट्टा होती हे सांगायला आलेलीही मीच.

वर्तुळाच्या आत त्या वखर चालवत नाहीत. सासूनं सांगितलं, गवळ्याचे गोटे आहेत, आत पेरायचं नाही. काहून? "काहून म्हंजे? नाई म्हंजे नाई."

चहा घेतला. थोड्या तुरीच्या शेंगा दिल्या त्यांनी. घेऊन आले. उकडून खाल्ल्या. निर्लज्ज.

१५ जाने., गुरुवार
सकाळी मोबाइलवर समितीचे फोटो. मथळा: 'मूळस्थानाचे सौंदर्यीकरण'. कॉलेजला दांडी मारून गेले.

देवा.

पडलेले दगड सिमेंटमध्ये उभे केले आहेत. काही वाकडे होते, तेही ओळंब्यात. एका वर्तुळातला दगड कमी होता म्हणून दुसऱ्यातला आणला. सगळ्यांना खाली गेरू, वर चुना, रस्त्याकडेच्या झाडांना फासतात तसा. आणि खळगे! दगडांवर दोन ओळींत कोरलेले आवळ्याएवढे खळगे होते. कोणी कोरले, कशासाठी, आजवर कुणाला नक्की सांगता आलेलं नाही. त्यांत पुट्टी भरली.

"पोचे पडले होते नं मॅडम," पंजाबराव म्हणाले. "पाहुना येऊन राहिला. बरं दिसत नाई."

पाहुणा म्हणजे मिहान औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याशा कंपनीत आलेला एक खराखुरा आयरिश इंजिनीअर. समितीनं शोधून काढला.

मी पिनेनं एका खळग्यातली पुट्टी उकरत बसले. ती निघाली. खालचा दगडही थोडा निघाला. थांबले. सगळ्यात जास्त राग येतो तो या लोकांच्या प्रेमाचा. द्वेषानं यातलं अर्धंही नुकसान केलं नसतं.

हे माझ्या सहाशे शब्दांनी झालं.

१८ जाने., रविवार
पाहुणा आला. नाव शॉन. तिशीचा, उन्हानं टोमॅटो झालेला. त्याला फेटा, तिळगूळ, नारळ. लेझीम. पांढरे बूट पहिल्या रांगेत, शॉनबरोबर सेल्फीही. वाऱ्याची दिशा बघून उभा राहणारा माणूस. त्याची मला घाण वाटते, पण तो निदान दगड सजवायला आला नव्हता, फक्त उचलायला.

दुभाषी मी. शॉननं हळूच विचारलं, आम्ही इथून गेलो असं म्हणतं कोण?
"मी म्हटलं. थट्टेत."
तो इतका हसला की फेटा घसरला. योग्य जागी हसलेला हा तिसराच माणूस. म्हणाला, आमच्याकडच्या मठांतल्या साधूंनीही शेकडो वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की आमची आदिमाता इजिप्तची राजकन्या. खरं म्हणजे बर्फ वितळल्यावर आधी शिकारी आले, मग शेती घेऊन दुसरे, मग धातू घेऊन तिसरे. कुणी राजकन्या नव्हती. घरचे साधे पूर्वज कुणालाच चालत नाहीत.

मग वच्छलाबाईंच्या वर्तुळाशी आला. आजोबांच्या कुरणात असाच एक गोल आहे म्हणाला. त्यात ते नांगर घालत नसत. कारण विचारलं की विषय बदलत.

मी मराठीत सांगितलं. वच्छलाबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मंग चांगल्या घरचा दिसते."

दिवसभरात एवढंच एक वाक्य कानाला गोड लागलं. बाकी भाषणं.

२१ जाने., बुधवार
संपादकांना म्हटलं, या रविवारी खुलासा छापायचा: आयरिश इथले नाहीत, ती थट्टा होती.
"अहो, वाचक खूश आहेत. भाग दुसरा द्या. स्कॉटलंड घ्या हवं तर."
"खुलासा."
"ग्रामसभेनंतर बघू नं. उगाच त्या बाईंचं नुकसान."

वच्छलाबाईंची गोष्ट मीच त्यांना सांगितली होती, आता त्यांचं हित संपादकांनाही कळायला लागलं. आणि त्याहून वाईट म्हणजे मी लगेच 'बरं' म्हटलं.

२४ जाने., शनिवार
झोप नाही. हिशेब साधा आहे. बोलले नाही, तर वावर वाचतं आणि खोटं उभं राहतं, सिमेंटमध्ये, ओळंब्यात. शाळेच्या भिंतीवर आयर्लंडचा नकाशा रंगवलाय, त्यात बोरटेकडीहून बाण. बोललेच, तर

उद्या ठरवू.

२६ जाने., सोमवार
बोलले.

झेंडावंदन झालं, ग्रामसभा बसली. पंजाबरावांनी 'दोन शब्द' म्हणून उभं केलं. म्हटलं, लेख थट्टेचा होता, आयरिश इथून गेलेले नाहीत, माफी मागते. टाळ्या. त्यांना वाटलं विनयानं बोलते आहे. पुन्हा सांगितलं. मग टाळ्या थांबल्या.

मागून कुणीतरी: "मंग हे गोटे कोनाचे हायेत जी?"
"आपलेच. इथंच राहत होते त्यांचे. लोखंड घडवणारे, घोडे पाळणारे लोक."
"आपलेच?" असा काही चेहरा केला त्यानं, जणू लग्नातल्या जिलबीखाली भाकर निघाली. "हट् बावा. मंग काय कामाचे?"

सगळी सभा सैल पडली. तीन आठवड्यांचा अभिमान दोन मिनिटांत उतरला. पांढरे बूट उठून उभे. ठराव वाचायला घ्या म्हणाले. वच्छलाबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. तेवढ्यात पारावरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पन बाई, ह्यो गोल मांडला कायले?"

मी मास्तरीण. विचारलं की उत्तर देते. "मेलेल्या माणसासाठी. अशा गोलांखाली पुरत असत."

"म्हंजे मसनवट?"

मग एकदम गलका. "मढ्यावर प्लॉट इकतो काय गा?" "कोन घर बांधन तिथं?" पांढऱ्या बुटांचा रंग चेहऱ्यावर चढला. ठराव पुढच्या सभेवर.

तीन हजार वर्षांचा वारसा म्हणून कुणी ढिम्म हललं नाही. भूत म्हटल्यावर सगळे जागे झाले. जिंकले म्हणायचं का याला? तोंडात अजून चुन्याची चव आहे.

२९ जाने., गुरुवार
सकाळी पांढरे बूट कॉलेजात, स्टाफरूममध्ये. फार गोड. "मॅडम, ग्रामपंचायतीनं लेखी मांगितलं, देऊन टाका. सगळ्याच गोलांत मढे नसते म्हनते. तुमीच लिहिलं होतं कधीतरी."

लिहिलं होतं. खरं आहे. काही वर्तुळांखाली हाडं निघतात, घोड्याचीही. काहींखाली नुसती मडकी. बोरटेकडीची कुणी खणलेलीच नाहीत. "माहीत नाही म्हणून लिहून देऊ?" म्हटलं. तर म्हणाले, "चालते नं. माहीत नाही म्हंजे नाहीच."

दुपारी वावरात गेले. तूर वाळून कापायला आलेली. वच्छलाबाई एकट्याच विळा चालवत होत्या. कापणीच्या बाया सोमवारपासून येत नाहीत. मसणवटात कोण राबेल? पंजाबरावांच्या शेतावरची मजूर बाईही येत नाही. मीच आणलं हे त्यांच्या बांधावर.

अर्धी ओळ मीही कापली. वाईट कापली. त्यांनी माझे खुंट पुन्हा बुडातून कापले.

मग म्हणाल्या, "ग्रामपंचायतीनं तुमाले लेखी मांगितलं म्हनते."
"हो."
"हाडं हायेत म्हनून लिहाल, तं बाया येनार नाई. या साली नाई, पुढच्याही नाई. नाहीत म्हनून लिहाल, तं तो रस्ता काढते."
"मला ठाऊक नाही वच्छलाबाई. कुणालाच नाही. खणल्याशिवाय कळणार नाही."
"खनू नका," त्या एकदम म्हणाल्या. मग विळा धोतराच्या चिंधीनं पुसत, "काय खरं असन ते लिहा. पन लवकर लिहा. तूर उभ्याउभ्यानं झडून राहिली."

घरी येऊन कागद घेतला. आयुष्यभर लोकांवर लिहिलं, एकदाही हात अडला नाही.

प्रति, सरपंच, ग्रामपंचायत बोरटेकडी.
विषय: