अख्ख्या क्लासचा एकच पासवर्ड

जळगाव, १८ नोव्हेंबर १९९८, संध्याकाळ

अमेरिकेत नंदिनीचा घटस्फोट झाला. पोटच्या मुलीची ही बातमी मला कॉम्प्युटर क्लासच्या पाटीलबाईंनी दारातच सांगितली. "अक्का, मन घट्ट करा," म्हणत ई-मेलचा छापलेला कागद हातात दिला. उघडाच, साधी घडीसुद्धा नाही!

"वाचलंत कशाला?"

"प्रिंट काढताना दिसतंच ना."

परवा याच बाई मला शिकवत होत्या. मोडेम फोनच्या तारेवरून मजकूर आणतो, सर्व्हर तो सांभाळतो आणि पासवर्ड म्हणजे फक्त आपल्याजवळची किल्ली. इथे मात्र अख्ख्या क्लासला पत्ता एक, पासवर्डही एक. म्हणजे किती जणांनी वाचलं? तो उघडा कागद...

नंदिनीची पहिलीच ओळ आहे, "आई, हे फक्त तुलाच सांगतेय."