मापात चुकलेले दात

सास्तूर,
१९ मार्च १९८७

प्रिय बाबू,

तुझं कार्ड पोचलं. चौदा एप्रिलच्या जयंतीला येताना मायसाठी नवी, आणखी घट्ट बसणारी कवळी करून आणतोस, हे मी तिला वाचून दाखवलं. "आदीच्या कवळीला काय झालंय? उगं जागरण करतंय पोरगं," असं म्हणाली आणि पदरानं तोंड झाकून चुलीकडं वळली.

इकडं पाण्याचे हाल आहेत. टँकरचा भरवसा नाही. शाळेत पोरं कमी झालीत, आईबापांच्या मागं रोजगार हमीच्या कामावर जातात. शाळा सुटली की मीही तलावाच्या कामावर जाते आणि बायकांना मिश्री सोडा म्हणून सांगते. परवा शेजारची कस्तुराबाई हसून म्हणाली, "बाई, तुमी भाकर आणा, आमी मिश्री टाकतो." बाहत्तरच्या दुष्काळात माय खडी फोडायची तेव्हा आपण दोघं ढिगाशी बसलेलो असायचो, आठवतं? भाकरी आपल्या दोघांत वाटून ती स्वतः दातांना मिश्री लावायची. "हिनं पोटातली आग गप बसती," म्हणायची. तीच मिश्री पुढं गालात गाठ होऊन बसली.

गेल्या वर्षी सोलापूरला गाठ काढली आणि किरणांचा शेक देण्याआधी उरलेले सगळे दातही काढले, तेव्हा ती रडली नाही. घरी आल्यावर मात्र माणसांत जेवेना, बोलेना. दूध सोसायटीच्या बैठकीत "आण्णासाहेब, दुधात कुण्या हिरीचं पाणी घातलंय तेवडं सांगा," असं चेअरमनलाच विचारणारी बाई कोपरा धरून बसायला लागली. मग दिवाळीला तू कामावरून कवळीचं माप घ्यायचं सामान घेऊन आलास. "माये, आ कर, अजून मोठा कर," म्हणत तिच्यापुढं गुडघ्यावर बसला होतास, आणि ती म्हणाली, "तुला घास भरवताना म्या असंच म्हणत व्हते." तुझी कवळी आली त्यानंतरच्या पहिल्याच बैठकीत ती उभी राहिली. आण्णासाहेब म्हणाले, "जाईबाई, दात आले आन् चावायला लागल्या व्हय!" ती म्हणाली, "दूध नासकं आसंल तर चावनारच." सगळ्या बायका हसल्या. त्या दिवशी घरी येईपर्यंत ती बोलत होती. हे सगळं तुझ्या हातानं झालं, बाबू. आता पुढचं वाचताना हे विसरू नकोस.

शेक दिल्यापासून तिच्या तोंडात लाळ सुटत नाही. ओल नाही म्हणून कवळी धरत नाही. सारखं घोटभर पाणी पीत जा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण घागर दिसली की ती आधी म्हशीकडं बघते. बैठकीत कवळी हलू नये म्हणून तिनं जुन्या लुगड्याची पट्टी दुमडून खाली घातली. पट्टीनं हिरडी सोलली. त्यावर हळद दाबली आणि पुन्हा कवळी चढवली. कुणाला काही बोलली नाही. मला कळलं ते वासावरून.

तिला सोलापूरला नेलं. दातांच्या डॉक्टरांनी कवळी काढली तर खाली जबड्याचं हाड उघडं पडलेलं. जुना आजार उलटलेला नाही, एवढं त्यांनी तपासून सांगितलं. तू लिहिलं होतंस ना, परदेशात हाडात स्क्रू रोवून त्यावर दात बसवतात, ते इकडं आलं की पहिले मायला, म्हणून? मी तेही विचारलं. ते म्हणाले, "बाई, शेक खाल्लेल्या हाडात रक्त नीट पोचत नाही. तिथं साधी जखम भरेना, स्क्रू कशाच्या जोरावर धरेल?" कवळी आजपासून बंद, औषध आणि भरपूर पाणी. एवढं केलं तर जबडा कदाचित वाचेल. नाहीतर कापून काढावा लागेल.

मी समोर असले की ती कवळी काढून ठेवते. मी शाळेत गेले की परत घालते, कस्तुराबाईनं पाहिलंय. मी रागावले तर म्हणाली, "बाबू यील तवा त्याला दात दिसाय पायजेत. त्यानं केल्यालं मलाच सोसलं न्हाय म्हणल्यावर त्याचा हात कामाला लागंल का?" आणि तुला कळवायचं नाही म्हणून तिनं माझ्याकडून शपथ घेतली.

ती शपथ मी आज मोडते आहे. डॉक्टरांचं ती ऐकत नाही, माझ्या बी.ए.चं तर नाहीच. तुझं ऐकेल. तिला एक कार्ड लिही: माये, माझं माप चुकलं, कवळी बिघडलेली आहे, आजच काढून ताईकडं दे, पुन्हा घालू नको. ते खोटं आहे, मला माहीत आहे. डॉक्टरांनी कवळी हातात फिरवून पाहिली आणि हे काम कुणाचं म्हणून विचारलं. असं नेटकं काम सोलापुरात होत नाही म्हणाले. तरीही तू तसंच लिही. नवी कवळी अर्धी झाली असेल तर तिथंच थांब. जयंतीला मोकळ्या हातानं ये आणि तिच्यासोबत दुधात कुस्करलेली भाकरी खा. कार्ड आजच टाक. मी ते तिला वाचून दाखवीन, एक अक्षरही न बदलता.

तुझीच,
चांगुणाताई