कोपऱ्यापर्यंतची मोटारसायकल

गुरू, गुरू, लघू, आणि मग एक चुकलेला ठोका. हिवाळ्यातल्या सकाळी माझ्या मोटारसायकलीचं इंजिन असं बोलायचं. शाळेत वृत्तं शिकवताना गुरुजी टेबलावर छडी वाजवायचे, तसं. गाडी तीन वर्षांपासून बंद आहे, तरी कानात ते चालूच असतं. कोर्टात कारकुनी केलेले मनोहरराव म्हणतात, मृत्युपत्राची सुरुवात अशी नसते. म्हणून रीतीनं लिहितो.

मी, वामन गोविंद पांढरीपांडे, वय एकाहत्तर, सर्व्हे कचेरीतला निवृत्त नकाशे काढणारा, राहणार महाल, नागपूर, हा कागद स्वतःच्या हातानं लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. दाब कोणाचाही नाही. असलाच तर माझ्या मनाचा, आणि त्याची दखल कायदा घेत नाही.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी सौ. शोभा हिला. मात्र माझी बहीण यमुताई हयात असेपर्यंत मागची खोली आणि स्वयंपाकघर तिचं. तिथे कोणी चूल कुठे मांडायची हे शिकवायला जाऊ नये.

कलम २. शाळेतली कवितांची पुस्तकं यमुताईला. तिला माझ्याहून जास्त कविता पाठ आहेत, हे मी तिच्यासमोर कधी कबूल केलं नाही. इथे करतो.

कलम ३. मोटारसायकल. खरं म्हणजे या कलमासाठीच कागद घेऊन बसलो आहे.

गाडी बी.एस.ए., लढाईच्या वेळची, कामठी छावणीच्या लिलावातून सुटलेली. १९६० साली गांधीबागेतल्या एका कापडवाल्याच्या गोदामातून मी ती ढकलत आणली, तेव्हा हेडलाइटात उंदरानं घर केलं होतं. इथल्याच इंदोरा वस्तीतले बळीराम गजभिये, मिस्त्री, यांनी नऊ महिन्यांचे रविवार घालून ती उभी केली. मी फक्त पाने हातात देत होतो. मजुरीचं विचारलं तर म्हणाला, दर रविवारी मागं बसवून फिरवा, झालं.

सात वर्षं आम्ही फिरलो. सीताबर्डी, सिव्हिल लाइन्सची सावली, तेलंगखेडीवरून फुटाळ्याच्या काठी चहा. संत्र्यांच्या मोसमात बाजाराजवळ मी मुद्दाम गाडी हळू करायचो, तो वास अंगावर घ्यायला. कुठे पोचायचं नसे, हेच सुख. मी मोठ्यानं कविता म्हणायचो आणि बळीराम मागून हुकूम सोडायचा, "भाऊ, चढावर हे संथ कविता नका म्हणू. गाडी झोपून राहिली."

आता लाजेचं लिहितो. बळीराम आपली सायकल आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर ठेवायचा, तिथेच गाडीवर बसायचा, तिथेच उतरायचा. गल्लीतून मी एकटा घरी यायचो. सात वर्षांत त्यानं माझं दार पाहिलं नाही. एकदा त्यानं सहज विचारलं, तेव्हा मी सांगितलं की गल्लीत खाचखळगे फार, दोघांच्या वजनानं सीटची स्प्रिंग बसेल. ज्यानं ती गाडी खिळ्यापासून जोडली, त्याला मी स्प्रिंगेचं कारण दिलं. पायी चल, घरी चहा घेऊ, असंही म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. खरं कारण जात. दुसरं काहीच नाही.

१९६७ च्या दिवाळीनंतरच्या रविवारी तो नव्या स्प्रिंगा घेऊन आला. ट्रकच्या सीटच्या होत्या, स्वतः कापून, ताव देऊन बसवल्या. फिरून कोपऱ्यावर आलो. तो उतरला नाही.

"आता दोन रेडे बसवले तरी वाकत नाही, भाऊ," तो म्हणाला. "आज काहून उतरू?"

इंजिन चालू होतं. ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं. मी म्हणालो, "उतर."

तो उतरला. खिशातल्या फडक्यानं मागची सीट पुसली आणि सायकल घेऊन गेला. पुढच्या रविवारी आला नाही. महिन्याभरानं मीच गाडी घेऊन इंदोऱ्याला गेलो. त्यानं कार्बोरेटर साफ करून दिला आणि म्हणाला, "झालं, साहेब." सात वर्षं मी भाऊ होतो. मी गाडी वळवून परत आलो, आणि आजवर पुन्हा गेलो नाही.

मला धाक होता तो समोरच्या ओट्यावर बसणाऱ्या मारोतराव शिंप्यांचा. काल हे कलम त्यांना वाचून दाखवलं. चष्मा पुसत म्हणाले, "मी त्या मिस्त्रीले ओळखतही नव्हतो गा. आणला असता तर माही शिवायची मशीन दाखवली असती त्याले." म्हणजे तो धाकही माझ्याच घरचा.

तरी गाडी, हत्यारं आणि सह्या केलेले कागद बळीराम गजभिये यांना द्यावेत. हे दान नाही. गाडी निम्म्याहून जास्त त्यांचीच आहे, नाव तेवढं माझं लागलं. त्यांनी नको म्हटलं तर कोणी आग्रह करू नये. त्यांना तो हक्क आहे. हे कलम त्यांना पूर्ण वाचून दाखवावं. जिवंतपणी हे तोंडानं सांगायची माझी छाती झाली नाही, म्हणून मेल्यावर दुसऱ्याच्या तोंडून सांगतो आहे, हीसुद्धा लाजच.

वरचं सगळं माझ्या समजुतीनं लिहिलं, आणि खालील दोघांच्या देखत सही केली.

वा. गो. पांढरीपांडे
साक्षीदार: मनोहर दत्तात्रय बोकारे, निवृत्त कोर्ट कारकून
साक्षीदार: मारोती झिबल शिंपी
महाल, नागपूर. ता. ९ जानेवारी १९८२

ता. क. सहीखाली काही लिहायचं नसतं, असं मनोहरराव ओरडताहेत. तरी लिहितो. डोकं ठिकाणावर असल्याच्या दाखल्यासाठी त्यांनी नेहमीच्या डॉक्टरांना बोलावलं होतं. ते गावाला गेलेले. त्यांच्याऐवजी दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरीणबाई आल्या. तिशीच्या आतल्या असतील. दारात उभं राहून त्यांनी नाव सांगितलं, नीला बळीराम गजभिये. वडील कुठले, मी विचारलं. इंदोऱ्याचे, मिस्त्रीकाम करतात, म्हणाल्या. यमुताईनं त्यांना आत घेतलं आणि चहाचं आधण ठेवलं. त्या रक्तदाबाचं यंत्र काढताहेत, तेवढ्यात हे लिहून घेतो.

पुढचं कागदाच्या पाठीवर लिहितो. मी कागद पुढे केला, तर त्यांनी तो उलटा करून टेबलावर ठेवला.

"हे मी वाचणार नाही, काका," त्या म्हणाल्या. "कोणाला काय देताय आणि का, ते तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मला दाखला देता येत नाही."