चंपीच्या पोटावरचे दोन टाके

मंगळवार, संध्याकाळ

१. कौसामावशींच्या चंपी कुत्रीची नसबंदी दुर्बिणीने केली.
२. पोटावर दोन छिद्रं, दोन टाके. दोन्ही अंडाशयं काढली.
३. दवाखान्यातले मोठे डॉक्टर, म्हणजे सर, शेजारी उभे होते, पण त्यांनी हात लावला नाही.

म्हणजे पहिल्यांदाच एकटीने. सर पोट चिरूनच करू म्हणत होते. मीच अडून बसले. मावशींची टोळी परवा राणीसावरगावहून ऊसतोडीला निघते, आणि माणसं उसाच्या फडात गेली की कोपीपाशी, त्या पाचटाच्या झोपडीपाशी, लेकरांजवळ चंपीच असते. मोठी जखम घेऊन तिला जाता आलं नसतं.

मावशी टाके निरखून म्हणाल्या, "चिरलं कुठं, मॅडम? हे तर काटा रुतल्यावानी दिसायलंय. खरंच केलंय ना?"

मी ताटलीतली अंडाशयं दाखवली.

"अगं माय! ह्या दोन शेंगदाण्यांपायी दरसाल सात-सात पिल्लं?"

त्यांच्यासमोर हसले नाही. नंतर हात धुताना हसले.

परवा जायला हो म्हणताना घाई तर केली नाही ना? नाही. रक्त थांबल्याची दोन्हीकडे खात्री केली होती. काम चांगलं झालं. स्वतःबद्दल असं मी सहसा लिहीत नाही.

काटा रुतल्यासारखे दोन टाके. मावशी त्यात हळद भरतील, एवढीच धास्ती. म्हणून आत्ताच त्यांच्या लेकाच्या फोनवर निरोप धाडला:

"मावशी, टाक्यांना हळद लावू नका. चंपीला चालवू नका, ट्रॅक्टरमध्ये बसवा. टाके कोरडे आहेत का, ते रविवारपर्यंत फोन करून सांगा."