कॅमेरा स्थिर धर!

३ फेब्रुवारी

परत तेच! "कॅमेरा स्थिर धर!" — सर ओरडले, सगळ्यांसमोर.

जांघेतला हर्निया. पोटाला तीन बारीक भोकं. एकातून माझा कॅमेरा, दोनांतून सरांची हत्यारं. सरांची नवी पद्धत अशी, की हर्निया झाकायला आत बसवतात ती जाळी टाचण्यांनी ठोकायची नाही, दोऱ्याने शिवायची. टाचणीत नस अडकली तर माणूस वर्षानुवर्षं कळवळतो. पद्धत खरंच छान आहे. पण सुई आज स्क्रीनवर थरथरत होती, आणि बोलणी मी खाल्ली.

४ फेब्रुवारी

घरी मोबाइल हातात धरून भिंतीवरच्या घड्याळाचं शूटिंग केलं. काही हलत नाही. तरी परत केलं.

९ फेब्रुवारी

कॅमेरा हलला तर अख्खं चित्र हलतं. इथे नुसतं सुईचं टोक हलतं, बाकी सगळं जागच्या जागी! हे खोलीतल्या प्रत्येकाला दिसतं. भूल देणारे डॉक्टर मुकाट्याने मोबाइलमध्ये डोकं घालतात. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "तू आपली सॉरी म्हण आणि मोकळी हो गं."

पूर्वी सर मला लाडाने 'ट्रायपॉड' म्हणायचे. आता टोमणा म्हणून म्हणतात. मी सॉरी म्हणते. दुसरं काय करू? मी त्यांच्या हाताखाली शिकणारी सर्जन; माझे हात कसे आहेत हे शेवटी सरच ठरवणार.

१५ फेब्रुवारी

बाबांचा फोन. "पाहुणे परत बाहेर आलेत बघ!" — हर्नियाला ते पाहुणे म्हणतात. आता ऑपरेशन करायचं, आणि तेही सरांकडेच. "तुझे सर आहेत, आत तू आहेस. मला कसली भीती?"

म्हटलं, दुसरीकडे दाखवू. "का गं?" "सहजच," म्हटलं. मागून आई — "हिचं आपलं काहीतरीच!"

१८ फेब्रुवारी

आज बोलायचंच म्हणून सरांच्या केबिनमध्ये गेले. सर चहा पीत होते, कप दोन्ही हातांनी धरून. मी बाबांची तारीख विचारून परत आले. भित्री कुठली!

घरचं माणूस टेबलावर असलं की आपण आत जायचं नाही, असा आम्हा डॉक्टरांत रिवाज आहे. सर म्हणाले, "कॅमेरा तूच धर. तुझ्याशिवाय जमत नाही मला." बरं वाटलं. त्याचाही राग आला.

२१ फेब्रुवारी

उद्या बाबा. जिथे टाका घालायचा, त्याला लागूनच मोठी शीर आहे. भांडी घासता घासता रडले.

२२ फेब्रुवारी

शिरेजवळ सुई थरथरायला लागली. मी ओरडा खायच्या तयारीत. सर थांबले. "कॅमेरा इकडे दे. टाके तू घाल."

मी बाबांना शिवत होते. सरांनी कॅमेरा दोन्ही हातांनी धरला होता, तरी समोर अख्खं चित्र थरथरत होतं.

"सॉरी," सर म्हणाले.